गोव्यात राहून जुनी वाद्यं बघायचीत? मग सुरुवात म्युझियमपासून करू नका

जुन्या वाद्यांचा नाद लागला की माणूस पहिल्यांदा म्युझियम शोधतो, आणि गोव्यातला असला तर त्याला लगेच वाटायला लागतं की पुण्याला नाहीतर दिल्लीला गेल्याशिवाय काही खरं नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं सांगणं उलटं आहे. म्युझियमला जायचंच, पण शेवटी. आपल्याकडची बरीच जुनी वाद्यं काचेच्या कपाटात नाहीतच मुळी, ती देवळाच्या नगारखान्यात आहेत, इगर्जीत म्हणजे चर्चमध्ये कॉयर बसतो तिथे आहेत, चवथ म्हणजे गणेश चतुर्थी आली की माळ्यावरून खाली येणारी आणि चवथ झाली की परत वर जाणारी आहेत, आणि त्यातली कितीतरी अजून वाजतात. वाजणारं वाद्य आधी नीट बघितलेलं असलं की मग काचेमागचं वाद्य कळतं, नाहीतर ‘काय सुंदर कोरीवकाम आहे’ म्हणायचं आणि पाच मिनिटांत पुढच्या दालनात, एवढंच होतं. म्हणून हा क्रम.

पहिलं, घुमट हातात घ्या

नुसतं बघू नका, हातात घ्या. कोणाच्या ना कोणाच्या घरी असतंच. घुमट म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेलं मातीचं भांडं, एक तोंड मोठं आणि एक लहान, मोठ्या तोंडावर कातडं ताणून दोरीने आवळलेलं आणि लहान तोंड उघडं. वाजवता येत नसलं तरी चालेल, लहान तोंडावर एक तळवा घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने कातड्यावर एक थाप मारा, मग तळवा काढा आणि तशीच थाप परत मारा. आवाज एकदम बदलतो. आतली हवा कोंडायची आणि सोडायची, हीच सगळी त्यातली करामत आहे, आणि हे एकदा हाताला कळलं की पुढे कुठल्याही म्युझियममध्ये मातीचं किंवा लाकडाचं पोकळ वाद्य दिसलं की तुमचं लक्ष आधी त्याच्या भोकाकडे जाईल, नक्षीकडे नाही. कडेचा काठही बोटाने चाचपून बघा, तो बाहेर वळवलेला असतो तो शोभेसाठी नाही, दोरी सरकू नये म्हणून.

पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लावायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं कातडं लावतात, आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. दोन्ही कातड्यांच्या आवाजात फरक काय पडला हे एखाद्या वयस्कर वादकाला विचारा आणि मध्ये न बोलता ऐकत बसा, त्यात जी माहिती मिळते ती कुठल्या पाटीवर लिहिलेली नसते.

चवथीला घुमट आरतीत घुमटासोबत शामेळ आणि कासाळें असतं. शामेळ दोन काठ्यांनी वाजवतात, कासाळें म्हणजे मोठी झांज. तेच घुमट ख्रिस्ती घरात मांडो, म्हणजे जुनी कोकणी गाणी, गाताना व्हायोलिनबरोबर वाजतं. दोन्हीकडे जाऊन ऐका, प्लीज, एकाच वाद्यावरचा हात किती वेगळा चालतो ते बघण्यासारखं आहे. आणि गावडा समाजातलं म्हादळें बघायला मिळालं तर सोडू नका, ते पण मातीचंच पण लांबट आणि दोन्ही तोंडांना कातडं. घुमट आणि म्हादळें शेजारी शेजारी ठेवून बघितली तर एक तोंड उघडं ठेवल्याने काय होतं आणि बंद केल्याने काय होतं ते आपोआप समजतं.

दुसरं, देऊळ

मंगेशीला सोमवारी संध्याकाळी पालखी असते, तिथे जा. किंवा तुमच्या गावच्या जत्रेला, किंवा शिगम्यात. वाजंत्री कुठे बसलेत ते बघा आणि जवळ उभे राहा. सनई, सनईला सतत एकच सूर धरून साथ करणारं सूर्त, चौघडा, ढोल, ताशे, कासाळें, जघांट म्हणजे ठोकून वाजवायची धातूची थाळी, कुठे कुठे शिंग आणि तसाच फुंकायचा बांको.

इथे एक गोष्ट शिकून घ्या, पुढे फार उपयोगी पडते. आपल्याकडे नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार प्रकार केलेत. तारेची ती तत, फुंकायची ती सुषिर, कातडं मढवलेली ती अवनद्ध आणि एकमेकांवर आपटून वाजणारी धातू-लाकडाची ती घन. आता देवळाबाहेरच्या वाजंत्र्यांत या चारातलं काय काय आहे ते मोजा. सनई, सूर्त, शिंग सुषिर, ढोल-ताशे-चौघडा अवनद्ध, कासाळें-जघांट घन, आणि तारेचं एकही नाही! कारण साधं आहे, उघड्यावर, गर्दीत, पालखीबरोबर चालताना तारेचा आवाज कोणाला ऐकू जाणार. तत वाद्यं चार भिंतींच्या आत, बैठकीत, भजनात. म्हणजे वाद्य कुठे वाजायचं त्यावर त्याची घडण ठरते, आणि जुन्या वाद्यासमोर उभं राहिलात की पहिला प्रश्न हाच विचारायचा, हे घरात वाजायचं की रस्त्यावर.

परवानगीचं मात्र नीट पाळा. नगारखान्यात आपलं आपण चढायचं नाही. आधी देवस्थानच्या ऑफिसात विचारा, महाजनांपैकी, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांपैकी, कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्याकडून विचारा, आणि मुख्य म्हणजे वाजवणाऱ्यांना विचारा. वाजंत्री वाजवणाऱ्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही सेवा केलीय आणि आपल्या भागात त्यांना मान त्या मानाने कमीच मिळाला, तेव्हा फोटो काढून पळू नका. वादन संपल्यावर दहा मिनिटं थांबा, वाद्य कोणी घडवलं, कातडं कोण बदलून देतं, सनईची पत्ती कुठून आणता हे विचारा. नाव लिहू का, फोटो काढू का हेही विचारा. नाही म्हणाले तर नाही.

तिसरं, इगर्ज आणि जुनी घरं

पोर्तुगीज अमलात सोळाव्या शतकापासून गावोगावच्या इगर्जींना जोडून शाळा होत्या, तिथे पोरांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन वाचायला आणि वाद्य वाजवायला शिकवायचे. त्यातूनच पुढे मुंबईच्या सिनेमांच्या ऑर्केस्ट्रात गोंयकार वादकांची अख्खी फळी उभी राहिली, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यातलं सगळ्यात माहितीतलं नाव. त्यामुळे मडगावकडच्या साष्टी तालुक्यातल्या जुन्या घरांत व्हायोलिन निघणं ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि इथेच नवखा माणूस हमखास फसतो.

व्हायोलिनच्या पोटावर दोन बाजूंना नागमोडी फटी असतात. त्यातल्या डाव्या फटीतून टॉर्च मारून आत बघितलं की एक पिवळट कागद दिसतो आणि त्यावर लॅटिनमध्ये स्ट्रॅडिव्हेरियस असं नाव आणि सतराशे-काहीतरी साल. घरात एकदम धावपळ सुरू होते, कोणीतरी गुगल करतं, करोडोंचे आकडे निघतात. शांत राहा. स्ट्रॅडिव्हेरी १७३७ मध्ये वारला, त्याची साधारण साडेसहाशे वाद्यं आज शिल्लक आहेत आणि ती बहुतेक सगळी नोंदलेली आहेत. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात जर्मनी आणि बोहेमियाच्या भागात लाखांनी व्हायोलिनं बनायची, त्यात असे छापील कागद चिकटवायचे, म्हणजे ‘या नमुन्यावर बनवलंय’ एवढाच त्याचा अर्थ. कागदावर खाली जर्मनी किंवा चेकोस्लोव्हाकिया असं छापलेलं असेल तर मग प्रश्नच मिटला, १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव टाकणं सक्तीचं झालं आणि मग ती पद्धत सगळीकडे पसरली, चेकोस्लोव्हाकिया हा देश तर १९१८ मध्ये झाला.

पण म्हणून ते व्हायोलिन टाकाऊ ठरत नाही बरं का, हे मला ठासून सांगायचंय. हनुवटी टेकून टेकून पॉलिश कुठे उडालंय, मानेवर अंगठा कुठे घासलाय, खुंट्या कितीदा बदलल्यात, केसमध्ये रोझिनच्या डबीखाली एखादा कागद आहे का, त्यावर कुठल्या फेस्ताचं म्हणजे चर्चच्या सणाचं नाव आहे का... गोव्याच्या दृष्टीने किंमत या गोष्टींना आहे. कारखान्यातल्या वाद्यावर एका माणसाने पन्नास वर्षं लदाइनी, म्हणजे गाऊन म्हणायच्या ख्रिस्ती प्रार्थना, वाजवल्या असतील तर ते वाद्य आता त्या गावाचं झालं.

दुसरी वस्तू पायपेटी. देवळांच्या जत्रेला संगीत नाटक करायची आपल्याकडची हौस सगळ्यांना माहिती आहे, आणि नाटक म्हटलं की पायपेटी आली, म्हणजे ऑर्गन. इगर्जीतही असायची. यातल्या बऱ्याच अमेरिकेहून आलेल्या, पुढच्या पाटीवर एस्टी किंवा बिलहॉर्न अशी नावं सापडतात. एस्टीचा कारखाना व्हर्मांट राज्यात ब्रॅटलबरो गावात होता, तिथे आता त्याच ऑर्गनांचं म्युझियम आहे. पायपेटीवर सिरियल नंबर असतो, पाठची फळी उघडली की आत छापलेला किंवा लिहिलेला सापडू शकतो, त्यावरून साल काढता येतं. फळी उघडलीच आहे तर पेन्सिलीने काही लिहिलंय का तेही बघा, दुरुस्ती करणारे कारागीर आत तारीख आणि नाव लिहून ठेवायचे. मग भात्याचं कापड आणि फेल्ट बघा, उंदरांनी सगळ्यात आधी तेच खाल्लेलं असतं. पॅडल मारून बघायचा मोह आवरा, वाळलेला भाता पहिल्याच दाबात फाटतो.

चौथं, वही

फोनमधले फोटो हरवतात, निदान कोणता फोटो कुठला ते तरी विसरायला होतं. एक साधी वही करा आणि प्रत्येक वाद्याला एक पान द्या. वाद्याचं नाव गावात जे म्हणतात तेच, पुस्तकातलं नाही. कुठे बघितलं, कोणाच्या ताब्यात आहे, कोण वाजवायचं, कोण घडवायचं, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, काय काय मटेरियल आहे. फोटो समोरून, मागून, बाजूने आणि आतून, शेजारी पट्टी ठेवून, फ्लॅश न मारता. आणि मग जे दिसतंय ते लिहा, जे वाटतंय ते नको. ‘खूप जुनं शिंग’ असं लिहून काही कळत नाही. ‘पितळी शिंग, दोन तुकडे, जोडावर डाग दिलेला, तोंडाकडचा भाग घासून गुळगुळीत, रुंद टोकाला चेप, टांगायला कडी आहे पण दोरी नवी नायलॉनची’ असं लिहिलं तर दहा वर्षांनी दुसऱ्या कोणालाही ते शिंग ओळखता येईल.

आणि आवाज रेकॉर्ड करा. मोबाइलवर दोन मिनिटं पुरे. वाजवणारा माणूस बोल तोंडाने म्हणून दाखवत असेल तर ते आधी घ्या, मग वादन घ्या. हे काम सगळ्यात निकडीचं आहे कारण लाकूड आणि पितळ अजून पन्नास वर्षं टिकेल, हात टिकणार नाही. याबाबतीत मला खरंच घाई वाटते.

पाचवं, आता म्युझियमला जा

गोव्यात आधी बाणावलीचं गोवा चित्र बघा. व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी मोडल्या जाणाऱ्या जुन्या घरांतून, शेता-बागायतींतून गोळा केलेली अवजारं आणि वस्तू तिथे आहेत, ते काही वाद्यांचं म्युझियम नाही, पण एखादी वस्तू कोण वापरायचं आणि कशी वापरायचं हे सांगत ती मांडायची कशी ते तिथे कळतं. पणजीच्या राज्य संग्रहालयाची पाटोवरची जागा बदलून ते जुन्या सचिवालयात हलवलंय, त्यामुळे जायच्या आधी फोन करा, काय काय उघडं आहे ते विचारा.

मग गोवा एक्सप्रेस धरा. वास्कोहून निघणारी ही गाडी मडगाव, लोंढा, बेळगाव करत मिरज, पुणे आणि शेवटी दिल्लीला जाते, म्हणजे वाद्यांची आवड असलेल्याला पाहिजेत ती तिन्ही गावं एकाच लाइनवर.

मिरजेला उतराच. म्युझियमसाठी नाही, सितारमेकरांच्या गल्लीसाठी. एकोणिसाव्या शतकात हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी तिथे तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे दुकानात टांगलेले दिसतील. कोणी जवारी काढत असेल, म्हणजे तारेचा आवाज खुलावा म्हणून तिच्याखालची घोडी घासत असेल, तर परवानगी मागून बाजूला बसा. घोडीचा माथा कानसीने अगदी हलका घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं, सुताचा दोरा सरकवायचा, परत ऐकायचं... तारेचा आवाज आधी टणक येतो आणि मग एका क्षणी खुलतो. हे बघितल्यावर म्युझियममधल्या तानपुऱ्याची घोडी तुम्ही वाकून बघाल, तिच्यावर तारांच्या चऱ्या पडल्यात का, म्हणजे हा खरंच वाजायचा का नुसता दिवाणखान्यात ठेवलेला होता ते तिथे दिसतं.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते उभं केलं, वीस हजारांवर वस्तू आहेत, त्यात वाद्यांचं दालन आहे. मोराच्या आकाराचं, गजाने वाजवायचं ताऊस तिथलं सगळ्यांना आवडतं. सगळं म्युझियम एका दिवसात उरकायच्या भानगडीत पडू नका, सकाळी थेट वाद्यांच्या दालनात जा, फार तर सहा-सात वाद्यं निवडा आणि प्रत्येकासमोर वही काढून पान भरा. पाटीवर काय लिहिलंय ते उतरवा आणि काय लिहिलेलं नाही तेही. कोणी वाजवलं, कुठल्या गावचं, हे बऱ्याच पाट्यांवर नसतं, आणि आपण देवळात तेच विचारून आलेलो असतो.

दिल्लीला संगीत नाटक अकादमीचा वाद्यसंग्रह रवींद्र भवनात आहे (आपलं मडगावचं नव्हे, दिल्लीतलं, मंडी हाउसजवळ), देशभरातली लोकवाद्यं आणि आदिवासी वाद्यं एकत्र बघायची तर तिथे. बेंगळुरूला जाणं होत असेल तर जे. पी. नगरमध्ये इंडियन म्युझिक एक्स्पीरियन्स आहे, २०१९ पासूनचं, तिथे बाहेरच्या आवारात मुलांना हात लावून वाजवता येतील अशा गोष्टी आहेत, पोरांना घेऊन जायचं तर हेच बरं.

जाणं जमत नसेल तर नेटवर मिमो नावाचा कॅटलॉग आहे, युरोपातल्या बऱ्याच वाद्य-म्युझियमांचे संग्रह त्यात एकत्र शोधता येतात. ब्रुसेल्सच्या म्युझियमची भारतीय वाद्यं नक्की शोधा. कोलकात्याच्या राजा शौरींद्रमोहन टागोरांनी १८७६ मध्ये बेल्जियमच्या राजाला जवळपास शंभर भारतीय वाद्यं भेट पाठवली आणि पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या त्या म्युझियमचा पाया त्याच भेटीवर आहे. तिथला पहिला क्युरेटर माहियों याने वाद्यांची चार गटांत वर्गवारी केली, तीच आपली तत-सुषिर-अवनद्ध-घन वळणाची, आणि तिच्यावरून १९१४ मध्ये हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी जी पद्धत बसवली ती आज जगभरची म्युझियमं वापरतात. मंगेशीच्या पालखीत बोटांवर मोजलेले चार प्रकार तिथे नंबर लावून भेटतात. आणि पोर्तुगालात कोणी नातेवाईक असतील तर त्यांना माफ्राची बासिलिका बघून यायला सांगा, एकाच वास्तूत सहा पाइप ऑर्गन आहेत.

घरातच जुनं वाद्य असेल तर

थोडक्यात सांगायचं तर काही करू नका. पितळ चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका, चकाकी येते पण त्याबरोबर कारागिराच्या खुणाही जातात. भोपळ्याला तडा गेला तर फेविकॉल नको, कारागीर सरस वापरतात कारण तो नंतर सोडवता येतो. आपल्या पावसात हवेतला दमटपणा ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जातो आणि लाकडाला साधारण पन्नासच्या आसपास बरं वाटतं, तेव्हा वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, बुरशी धरते. सुती कापड घाला, आठवड्यातून एकदा उघडून बघा. रोज थोडा वेळ एसी आणि मग बंद, हे तर सगळ्यात वाईट. वाद्याखाली बारीक भुसा पडलेला दिसला की भुंगा लागलाय, ते वाद्य लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा. तारा सैल करा पण व्हायोलिनच्या पूर्ण सोडू नका, आतला साउंडपोस्ट, म्हणजे पोट आणि पाठ यांच्यामधली लाकडी काडी, फक्त दाबावर उभा असतो, तो पडतो.

कायद्याचंही बघा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, परदेशातल्या भावाला सहज म्हणून पाठवून द्यायची नाही. हस्तिदंत किंवा घोरपडीचं कातडं असेल तर विकणं-घेणं नाहीच, ठेवण्याबाबत वन खात्याकडे विचारून घ्या.

वाद्य म्युझियमला द्यायचं ठरलं तर देण्याआधी तीन गोष्टी विचारा, दालनात लावणार की गोडाऊनमध्ये ठेवणार, पाटीवर वादकाचं आणि गावाचं नाव येणार का, आणि पुढे कधी गावच्या कार्यक्रमासाठी किंवा कोणाला अभ्यासासाठी ते बघायला मिळेल का. उत्तर लेखी घ्या. आणि वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स आणि आवाजाचं रेकॉर्डिंग वाद्याबरोबरच त्यांच्या हातात द्या, सही-शिक्क्याची पोच घेऊन.